कायच्यावरून?

आठवीच्या मुलांच्या इतिहासाच्या वहीत पहिल्याच पानावर एक कागद चिकटवलेला आहे. अर्धा फुलस्केप, झेरॉक्स काढलेला, खळ जास्त झाल्यामुळे कोपऱ्यात सुरकुतलेला. वर लिहिलंय : 'इतिहासाच्या तासाला काय शिकायचं आणि एकमेकांकडून काय अपेक्षा ठेवायची'. खाली सहा ओळी. एवढ्याशा मजकुराला मला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी आणि शाळेचे पहिले तीन आठवडे लागले. तो कागद कसा तयार झाला आणि वर्षभरात त्याचं काय झालं ते लिहिते आहे. सहावी ते आठवीला इतिहास शिकवणाऱ्या बऱ्याच जणांची अडचण माझ्यासारखीच असणार, असं मला वाटतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत पदवीधर शिक्षिका आहे. भाषा आणि सामाजिक शास्त्रं माझ्याकडे. गाव कपाशी, तूर आणि सोयाबीनचं. निम्मी मुलं गावातली, निम्मी जवळच्या दोन बंजारा तांड्यांवरची. इतिहास मला स्वतःला मनापासून आवडतो, म्हणून मुलांनाही आवडत असेल असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

त्याला तडा गेला तो एका दिवाळीच्या सुट्टीत. पहिल्या सत्राचे पेपर तपासत होते. प्रश्न नेहमीचाच, १८५७ च्या लढ्याची कारणं लिहा. २६ पेपरांपैकी १९ पेपरांत 'काडतूसे' असा शब्द होता, 'तू' दीर्घ. दोघांचीच चूक सारखी असती, तर शेजारच्याचं पाहून लिहिलं म्हटलं असतं. १९ जणांची एकच चूक म्हणजे ती फळ्यावरून आलेली. टाचणवही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात, 'काडतूसे'. कारणंही त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. मुलांनी माझी एक वेलांटीसुद्धा हलवली नव्हती आणि मी त्यांना पाचपैकी पाच देत सुटले होते.

शाळा उघडल्यावर वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला जवळ बोलावलं. तिच्या उत्तरात होतं की डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. विचारलं, "हे नागपूर म्हणजे कोणतं गं?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, ते इतिहासातलं नागपूर." तिचा मामा नागपूरला कंपनीत कामाला आहे. दर उन्हाळ्यात ती पंधरा दिवस तिथं राहून येते. ज्या महाल भागात भोसल्यांचा वाडा होता, त्याच भागातून ती रिक्षानं गेलेली आहे. तरी १८५४ साली खालसा झालेलं नागपूर आणि मामाचं नागपूर ही तिच्या डोक्यात दोन वेगळी गावं होती. पाचपैकी पाच मिळवणारी पोर ही.

मे महिन्यात तिन्ही इयत्तांची पुस्तकं घेऊन बसले. सहावीला प्राचीन भारत : हडप्पा, वैदिक काळ, महाजनपदं, मौर्य, मग दक्षिणेतली राज्यं. सातवीला मध्ययुग, शिवाजी महाराज आणि मराठ्यांचा अठराव्या शतकापर्यंतचा विस्तार. आठवीला युरोपीय लोकांच्या येण्यापासून महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंत. जोडीला तिन्ही वर्षी नागरिकशास्त्र. एकेका पानावर इतकं काही येतं, की आठवड्याच्या तासिका मोजल्या तर बहुतेक पाठांना दोन-तीन तासांवर वेळ मिळत नाही. त्यात विदर्भातली शाळा उन्हामुळे इतरांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडते. पोळा, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी ओळीनं येतात. आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणी. मुलांनी शाळा सोडून वेचणीला जाऊ नये, हे मी दर वर्षी पालकांच्या दारात जाऊन सांगते. मजूर मिळत नाही तेव्हा पोरं वावरात दिसतात, हेही दर वर्षी पाहते.

पुस्तकातले पाठ गाळायचा मला अधिकार नाही आणि ते गाळावेत असं वाटतही नाही. वेळ कुठं सैल सोडायचा तेवढं माझ्या हातात होतं. मग प्रत्येक इयत्तेत दोन-तीन जागा अशा निवडल्या, की जिथं पुस्तकातला इतिहास आमच्या परिसराला येऊन भिडतो. तिथं थांबायचं, बाकी ठिकाणी वाचन आणि थोडक्यात चर्चा करून पुढं जायचं. युरोपातलं प्रबोधन आणि औद्योगिक क्रांती मी दोन तासांत उरकली, हे मान्य करते. ते पाठ हलके आहेत म्हणून नव्हे. औद्योगिक क्रांतीकडे मला कपाशीच्या वाटेनं परत यायचं होतं.

सहावीसाठी वाकाटक घेतले. पुस्तकात त्यांना जागा थोडी आहे, पण हे राजे आमचे. वाशीम म्हणजे त्यांचं वत्सगुल्म, एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतल्या हरिषेणाच्या वराहदेव या मंत्र्यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. वाशीमला कोणाची मावशी, कोणाची आत्या दिलेली आहे, त्यामुळे वर्ग एकदम जागा झाला. पण खरी मजा आणली प्रभावतीगुप्तेनं. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून राज्य तिनं चालवलं. तिचे ताम्रपट सापडले आहेत, त्यातला एक अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. त्या ताम्रपटांत ती आपलं गोत्र 'धारण' सांगते, आणि ते माहेरचं आहे. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मंग तिनं लग्नानंतर आडनाव नाही बदललं?" गोत्र आणि आडनाव यातला फरक समजावला, पण तिचा प्रश्न बरोबर जागी लागला होता. त्या तासाला घंटा झालेली कोणालाच कळलं नाही.

आता त्या कागदाबद्दल.

पहिला मसुदा मी सुट्टीत घरी बसून लिहिला. नऊ नियम. गृहपाठ वेळेवर करणे, सनावळी पाठ असणे, वही नीटनेटकी ठेवणे, नकाशे रंगवणे. शाळा सुरू होताच गणिताच्या सरांना वाचायला दिला. ते म्हणाले, "मॅडम, यात इतिहासाचं काय आहे? हा कागद मी गणितालाही लावू शकतो." मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. घरी जाऊन पुस्तकांच्या सुरुवातीला छापलेल्या अध्ययन निष्पत्ती पुन्हा वाचल्या. साधनं ओळखणं, कारणं सांगणं, तुलना करणं, स्थानिक माहिती मिळवणं, सगळं तिथं लिहिलेलं होतंच. मी ते पान आजवर फक्त नियोजनाच्या फाइलीत उतरवून काढायची.

दुसऱ्या आठवड्यात कोरा कागद घेऊन आठवीत गेले. तिन्ही पुस्तकांत इतिहासाच्या साधनांवर पाठ आहे : भौतिक, लिखित, मौखिक. मुलांना व्याख्या पाठ होत्या. मी विचारलं, "एखादी गोष्ट खरंच घडली, हे आपल्याला कसं कळतं?" कोणी म्हणालं पुस्तकात असते, कोणी म्हणालं मोठे सांगतात, एकानं मोबाइलचं नाव घेतलं. मग तांड्यावरचा एक मुलगा, जो सहसा तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगता ते तरी कायच्यावरून?"

वर्गात शांतता. पोरांना वाटलं आता मॅडम रागावणार. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात तो शब्द लिहिला : कायच्यावरून. प्रमाण मराठीत 'कशावरून', पण आमच्याकडे तो शब्द असाच म्हणतात आणि तसाच तो कागदावर गेला. पहिली ओळ झाली.

पुढच्या ओळींसाठी दोन आठवडे गेले. एका मुलीनं अडवलं. म्हणाली, "मॅडम, आबाले असं इचारलं त ते म्हनतीन पोट्टी लई शहानी झाली." म्हणून दुसरी ओळ आली : विचारताना मोठ्यांचा मान ठेवायचा, आधी सगळं ऐकून घ्यायचं, मग विचारायचं. तिसरी ओळ माझी : उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं आणि फळ्यावरून उतरवलं असेल तर खाली 'फळ्यावरून' असं लिहायचं. चौथी : सन पाठ करायच्या आधी तो आपल्यापासून किती लांब आहे ते मोजायचं. पाचवी मुलांनी माझ्यावर घातलेली : मॅडमला एखादी गोष्ट माहीत नसेल तर मॅडम तसं सांगतील आणि आठवड्याच्या आत शोधून आणतील. सहावी : वर्षभरात प्रत्येकानं घरातली किंवा गावातली एक जुनी वस्तू, एक कागद किंवा एक आठवण वर्गात आणायची.

चौथ्या ओळीसाठी सुतळी आणली. एक वीत म्हणजे २५ वर्षं असं ठरवलं. फळ्याच्या खिळ्याला एक टोक बांधलं, ते आजचं. सात वितींच्या आत १८५७ आलं. चौदाव्या वितीवर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४, अजून आम्ही वर्गातच. वाकाटकांसाठी चौसष्ट विती मोजत व्हरांडा ओलांडावा लागला. हडप्पा संस्कृतीसाठी एकशे ऐंशी विती. सुतळी संपली, दुसरी जोडली, ध्वजाच्या ओट्याला वळसा घालून ती हापशीपर्यंत गेली. तिथं एका मुलानं सुतळीचं टोक धरून वर्गाच्या दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "इतक्या लांबून लोकं चालत आले आपल्यापर्यंत!" सहावी, सातवीची मुलं खिचडीच्या ताटल्या घेऊन पाहत उभी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनीही सुतळी मागितली.

पालकसभेत कागद वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांना तो पटला नाही. एका मुलीचे वडील म्हणाले, "मॅडम, आठवीले आता वार्षिक परीक्षेत पास व्हा लागते. हे आज्याले इचारत फिरनं, याचे मार्क भेटतीन का?" प्रश्न रास्त होता. सातवी-आठवीला १०० पैकी ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात आणि ६० संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, हे सगळं त्या चाळिसात बसतं, म्हणजे मार्क आहेतच. पण मी त्यांना एवढंच सांगून बसवलं नाही. म्हटलं, लेखी परीक्षेतही पाठ केलेलं उत्तर प्रश्न थोडा फिरवला की कोलमडतं, समजलेलं टिकतं. वर्षअखेरीस बघा आणि मला जाब विचारा. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर शंका तशीच होती. मागं बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "आमच्या घरी कुठला आला बाई इतिहास? राजे-महाराजे होऊन गेले ते दुसरीकडं." हे वाक्य मला अजून बोचतं, कारण त्यांना तसं वाटायला आमचं शिकवणंही जबाबदार आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो आठवीच्या 'ब्रिटिश सत्तेचे परिणाम' या पाठाला. शेतीचं व्यापारीकरण, हा त्यातला एक मुद्दा. मुलं तो 'नगदी पिके घेण्यास प्रोत्साहन' एवढ्यात संपवतात. मी वर्गात कापसाचं एक बोंड घेऊन गेले आणि तिथून सुरुवात केली. निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, त्यांच्या फौजेच्या खर्चापोटी. त्याआधीपासूनच इंग्रजांचा डोळा इथल्या कापसावर होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आमच्या कापसाचा भाव चढला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला कापसाच्या बाजारासाठी वेगळा फाटा निघाला. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला, भाव खाली आला.

"भाव पडला की काय होते?" एवढंच विचारलं. आठवीतल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. कर्ज, खाजगी व्यापारी, दागिना गहाण, बहिणीचं लग्न पुढं ढकलणं, सगळं त्यांनी सांगितलं, आणि दीडशे वर्षांपूर्वीचं सांगताना क्रियापदं मात्र सगळी वर्तमानकाळातली होती. वर्गात एक मुलगा आहे, त्याच्या घरी हा विषय काढत नाहीत. त्याच्याकडे लक्ष गेलं आणि मी तो मुद्दा तिथंच थांबवला. बोंडातून सरकी काढायला सगळ्यांना दिली आणि उरलेला तास तसाच जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी शकुंतला घेतली. आमच्या दारव्ह्यावरून पूर्वी जाणारी ही नॅरोगेज गाडी, यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि तिथून पुढं अचलपूरला. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती कापूस मुख्य लाइनपर्यंत न्यायला बांधली. मूर्तिजापूरहून मुंबई, मुंबईहून जहाजानं मँचेस्टर. आणि तिला ओढणारं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच तयार झालेलं. मुलांनी गाडी पाहिलेली नाही, पण रूळ पाहिलेत, गवतात बुडालेले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून शकुंतलेची एक आठवण आणायची, असं काम दिलं. वेचणीचे दिवस होते. काही मुलांनी वावरातच, ओटीत कापूस भरता भरता विचारून घेतलं.

आठवणी आल्या त्या सुंदरच होत्या. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून पळत पळत पुन्हा चढायची. कोणाची आजी नवरी होऊन याच गाडीनं आली होती. तिनं सांगितलं, गाडी धुराची होती, शालूवर कोळशाची कणी पडून भोक पडलं होतं. लग्नाचं साल तिला सांगता येईना. नातीनं शक्कल काढली. थोरल्या काकाचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, जन्म १९८३. म्हणजे लग्न त्याच्या आधीचं. वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये काढलं गेलं आणि डिझेल आलं, हे मी सांगितलेलं होतं. तिनं वहीत लिहिलं : 'आजीचं बोलणं जुळते.' शेजारी तीन ओळींत कायच्यावरून ते.

दुसऱ्या मुलीचं मात्र जुळेना. तिच्या आबांनी ठामपणे सांगितलं होतं, की इंदिराबाई गेल्या त्या साली आम्ही डिझेलच्या गाडीनं यवतमाळला गेलो. आमच्या भागात म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, इंदिराबाई गेल्या ते साल, अशा खुणा सांगतात. इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४ ची. दहा वर्षांचा फरक पडत होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माहे आबा खोटं नाही बोलत, मॅडम."

तो तास मी पुस्तक मिटूनच घेतला. वर्गाला विचारलं, मागच्या वर्षी झेंडावंदनाला पाऊस होता का? निम्म्यांनी हो म्हटलं, निम्म्यांनी नाही. सगळे तिथं हजर होते. यातलं कोण खोटं बोलतंय? मग मुलांच्याच तोंडून आलं, की माणसाला गोष्ट आठवते पण साल सरकते. दोन प्रवास एकात मिसळू शकतात. आबांनी डिझेलची गाडी पाहिली हे खरं, इंदिराबाई गेल्याचं दुःख खरं, दोन्ही एकाच वर्षीचं का ते तपासायचं. आणि तोच तांड्यावरचा मुलगा म्हणाला, "मंग मॅडम, तुमचं १९९४ तरी कायच्यावरून?" मी छापील मजकुरात वाचलं होतं, ते सांगितलं. तो मजकूर लिहिणाऱ्यानं कुठून घेतलं, हे मला सांगता आलं नाही. पाचव्या ओळीप्रमाणे ते माझ्या नावावर लिहिलं गेलं.

त्या मुलाचं पुढचं सांगायलाच हवं. वस्तू आणायची वेळ आली तेव्हा गावातल्या मुलांनी जुने सातबारे, कोतवाल बुकाच्या नकला, पंचम जॉर्जचं चित्र असलेला एक स्टॅम्प पेपर, असं बरंच आणलं. कोतवाल बुक तर इथं जात प्रमाणपत्रासाठी सगळ्यांना धुंडाळावं लागतं, पण त्यात आपल्या पणजोबांचा जन्म कसा नोंदवला आहे, हे कोणी वाचलेलं नव्हतं. हा मुलगा रिकाम्या हातानं आला. म्हणाला, "आमच्या घरी कागदच नाही, मॅडम. जमीनच नव्हती त कागद कुठून राहीन?"

मौखिक साधन म्हणजे काय, ते मी इतकी वर्षं व्याख्येत शिकवत होते. त्याला म्हटलं, आज्याला विचार, त्यांचा आजा काय करायचा. चार दिवसांनी तो एक शब्द घेऊन आला : लदेणी. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचं, शेकडो बैलांचे तांडे, हा बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा. सोबत त्यानं कवड्या शिवलेला एक मळकट पट्टा आणला होता. आजी म्हणते, बैलाच्या कपाळाचा. लगेच दुसरा एक जण म्हणाला, "पोळ्याले बी बांधत असतीन. लदेणीचाच कायच्यावरून?" दोघांचं चांगलं जुंपलं. शेवटी वहीत असं लिहिलं गेलं, की पट्ट्यावरून बैल होते हे कळते, लदेणी होती हे आज्याच्या सांगण्यावरून कळते.

मग मी पुस्तकातला नेहमीचा प्रश्न फळ्यावर लिहिला : रेल्वेमुळे कोणते परिणाम झाले? माल लवकर पोचू लागला, व्यापार वाढला, दळणवळण सोपं झालं, ही उत्तरं आली. त्या मुलानं हात वर केला. "मॅडम, माल रेल्वेनं जाऊ लागला, त आमच्या लोकांचे बैल काय करतीन?" तांडे फिरायचे थांबून इथं का वसले, याचं एक कारण त्या पोरानं स्वतः शोधून काढलं होतं. मी आठ वर्षं हा पाठ शिकवते आहे. तांड्यावरची मुलं दर वर्षी समोर बसलेली असतात. त्यांचा आणि या पाठाचा संबंध मला एकदाही सुचला नव्हता, याची खंत मला वाटते.

बाकीच्या वर्षाचं थोडक्यात सांगते. जंगल सत्याग्रहाला आमचं पुसद होतंच, १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी तिथं राखीव जंगलातलं गवत कापलं. गवत कापणं हा गुन्हा कसा, हा प्रश्न मुलांनी धरून ठेवला आणि त्यातून इंग्रजांचे जंगल कायदे शिकवून झाले. १९४२ ला आष्टी आणि चिमूर. आष्टीला सहल न्यायची फार इच्छा होती, पण एस.टी.चं भाडं काही घरांना परवडणारं नव्हतं आणि दहा मुलं मागं ठेवून जायला माझं मन झालं नाही. सातवीला वेळ कमीच पडला. सिंदखेडराजा तेवढं नीट झालं, जिजाऊंचं माहेर म्हणून. बाकी पाठ जुन्याच पद्धतीनं संपवले.

परीक्षेत एक प्रश्न वेगळा घातला. एका खरेदीखतातल्या चार ओळी दिल्या, नावं बदलून, आणि विचारलं, यावरून काय कळतं आणि काय कळत नाही? 'काय कळत नाही' हे लिहिताना पुष्कळ मुलं अडखळली. सहा-सात जणांनी जागा कोरी सोडली. सनावळीच्या प्रश्नांत दोन मुलांचे मार्क आधीपेक्षा कमी आले. पण पेपरांतली उत्तरं एकमेकांसारखी नव्हती. काहींच्या उत्तराखाली कंसात 'फळ्यावरून' असं लिहिलेलं होतं, परीक्षेतसुद्धा. मी ते वाचत किती तरी वेळ बसून राहिले. पालकसभेत जाब विचारणारे वडील निकालाला आले. मुलगी पास झाली होती. त्यांनी तिची इतिहासाची वही मागून घेतली आणि व्हरांड्यात उभं राहून पहिल्या पानापासून वाचत होते.

त्याच दिवशी शकुंतलावाले आबा काठी टेकत शाळेत आले. नात त्यांच्या मागं. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "बाई, ते डिझेलचं माह्याकडून चुकलं होतं. रात्रभर इचार केला. इंदिराबाई नाही, राजीव गांधी गेले ते साल व्हय." राजीव गांधी गेले १९९१ साली. अजून तीन वर्षं कमीच पडत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात नातीनं ओट्यावर बसून वही उघडली. "सांगा आबा, कोनाच्या संगं गेले होते, काहून गेले होते," म्हणाली, आणि आधीच्या नोंदीखाली त्या दिवसाची तारीख टाकून लिहायला लागली.